गुरुवारचं पाणी

५ ऑगस्ट, मंगळवार

आज सकाळी स्वरूपाने बाटली नाकाशी नेली आणि तिथे सगळं बदललं.

नीट लिहितो.

ती भोसरी एमआयडीसीतल्या लॅबची. पाणी तपासणारी लॅब. मे महिन्यापासून ती आमच्या सोसायटीच्या सांडपाणी प्लांटवर येते. महिन्यातून एकदा. शेवटच्या टाकीतलं पाणी एका बाटलीत भरते, बर्फाच्या पेटीत ठेवते, निघते. पाच मिनिटं. आणि मी इथला ऑपरेटर त्या पाच मिनिटांवर अख्खा महिना काढतो.

मागच्या रिपोर्टात आकडे वाईट आले. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला होता, माझा दोष नव्हता. पण ती म्हणाली होती, "जरा लक्ष देत जा." जरा लक्ष! घरी पाहुणे यायचे असले की आई चादर बदलते की नाही? मी तेवढंच केलं. पहाटे येऊन शेवटच्या टाकीत कॉर्पोरेशनच्या नळाचा पाइप सोडला. काय पाणी दिसत होतं! तळाचा नट दिसत होता.

तिने बाटली भरली. उजेडात धरली. झाकण लावायच्या आधी नाकाशी नेली.

"हे प्लांटचं पाणी नाही."

"प्लांटचंच आहे."

"याला क्लोरीनचा वास येतोय. नळाचा. प्लांट चांगला चालत असेल तर पाण्याला ओल्या मातीचा वास येतो." मग माझ्याकडे बघून, "कोणी सांगितलं हे करायला? चेअरमननी?"

काय सांगणार? तुझ्यासाठी केलं? मी आवाज चढवला. माझं नेहमीचंच. "तुम्हाला बाटलीशी मतलब ना? भरा आणि निघा!"

तिने माझ्यासमोर बाटली परत टाकीत ओतली. शांतपणे. "दिवसभर ज्या प्लांटवर बसता त्याचा कायदा तरी माहीत आहे का?"

"नाही माहीत!"

"मग वाचा."

पेटी उचलली आणि गेली. मी लोखंडी दार असं आपटलं की पार्किंगमधल्या दोन गाड्यांचे अलार्म वाजायला लागले.

६ ऑगस्ट

वाचतो तर वाचतो. बघच तू!

७ ऑगस्ट, गुरुवार

गुरुवारी भोसरीतली वर्कशॉप बंद, म्हणून बाबा घरी. तोंडावर पेपर घेऊन झोपलेले. अख्ख्या एमआयडीसीची सुट्टी आज. माझं तसं नाही. लोक गुरुवारीही संडासला जातात. मला सगळे वार सारखेच.

पाचला सुटल्यावर आकुर्डीला गेलो, पुस्तक आणायला. माझ्या जुन्या कॉलेजसमोरच्याच दुकानात मिळतं म्हणे ते. दीड वर्षाने त्या रस्त्यावर पाय ठेवला. दुकानदाराने ओळखलं नाही, बरं झालं. गेटकडे बघितलंच नाही. म्हणजे एकदाच बघितलं.

'जल कायदा १९७४ — नियम, कलमे व सराव प्रश्न.' जाडजूड आहे! इंजिनिअर लोक प्रदूषण मंडळाच्या भरतीला बसतात ना, त्यांचं पुस्तक.

रात्री जेवताना आईने पाहिलं. आमची आई उदगीरची. वीस वर्षं पिंपळे गुरवमध्ये राहून बोलणं तिकडचंच.

"काय वाचलालास रे?"

"कायदा."

हातातली भाकरी तव्यावरच राहिली. "कोन्ला मारलास?"

१० ऑगस्ट, रविवार

सापडलं!! सापडलं!!

नमुना घ्यायच्या दोन पद्धती असतात. एक ग्रॅब. बाटली एकदा बुडवली की झालं, पाच मिनिटांचं काम. ही आपल्याकडची. दुसरी कंपोझिट. दर तासाला थोडं थोडं पाणी घ्यायचं, दिवसभर, आणि शेवटी सगळं एका कॅनमध्ये मिसळायचं. दिवसभर! नमुना घेणारा माणूस नऊ ते पाच तिथेच बसणार. बसावंच लागणार. पद्धतच तशी आहे!

उद्या नानासाहेबांना गाठतो.

११ ऑगस्ट

नानासाहेब आमचे चेअरमन. ही सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांचीच होती. त्यामुळे अजूनही वावरावर आल्यासारखे गेटजवळ खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकतात. मी चहा घेऊन गेलो.

"कंपो... काय?"

"कंपोझिट, काका. दर तासाला नमुना."

"आन् आत्ताच्या बाटलीत काय किडं पडलं?"

मी समजावलं. सकाळी सगळं गाव एकदम आंघोळीला, दुपारी कपडे, संध्याकाळी भांडी. दर तासाला वेगळं पाणी येतं. एका बाटलीत दिवसाचं खरं कळत नाही. अगदी पुस्तकातल्यासारखं बोललो. त्यांनी चहा बशीत ओतला, माझ्याकडे बघत बघत प्यायले.

"लई अभ्यास केलास रं. ती लॅबवाली पोरगी येती ना? तिचा नंबर हाय माज्याकडं. लावतो तिला फोन."

लावतो म्हणाले! काही भांडण न करता काम झालं, असं आयुष्यात पहिल्यांदा.

१३ ऑगस्ट

लॅबचा ड्रायव्हर येऊन ऑगस्टची राहिलेली बाटली घेऊन गेला. खरं पाणी दिलं. जसं आहे तसं.

१४ ऑगस्ट

तिचा मेसेज!!!

'सप्टेंबरचा नमुना ४ तारखेला. गुरुवार. पूर्ण दिवस. एक खुर्ची ठेवा.'

धावत गेटवर गेलो आणि नानासाहेबांच्या पायाच पडलो. ते दचकले. "काय रं? पास झालास का काय?"

"काही नाही काका. असंच."

आजपासून हा माणूस मला काहीही बोलो. एक शब्द उलटा जाणार नाही.

२२ ऑगस्ट

रोज दहा पानं. काही कळतं, काही डोक्यावरून. पण एक व्याख्या आवडली. 'प्रवाह' म्हणजे काय, तर नदी, नाला, वाहता असो वा तूर्त कोरडा. तूर्त कोरडा असला तरी कायद्याने प्रवाहच!

आमचा रविराज, गेटवरचा सिक्युरिटी, म्हणाला, "भावा, तू कायदा वाचून हसतोस? डॉक्टरला दाखव."

४ सप्टेंबर, गुरुवार

कुठून सुरू करू!

आठलाच आलो. पंप रूम धुतली, खुर्ची पुसली, दोनदा. उदबत्ती लावली. ती नऊला आली, दारातच थांबली आणि हसली. "वास लपवायचा नसतो हो. वासावरूनच तर प्लांट कळतो." उदबत्ती विझवायला लावली.

आज लॅबचं जॅकेट नव्हतं. मोहरीच्या रंगाचा कुर्ता. लॅबची गाडीही नव्हती, स्वतःच्या स्कूटीवर आली, बर्फाची पेटी पुढे पायांत. कंजूष दिसते तिची लॅब. पेट्रोल तरी देतात का विचारलं, तर म्हणाली, "ते जाऊ द्या."

दर तासाला बाटली. बाटली भरायला दोन मिनिटं. मधली अठ्ठावन्न मिनिटं काय करायचं, याचा मी पंधरा दिवस विचार केला होता आणि ऐनवेळी एक शब्द आठवेना. पहिल्या दोन बाटल्यांच्या मध्ये मी फक्त "ब्लोअर आवाज करतो ना" एवढंच बोललो. तीन वेळा.

मग तिने पिशवीतून पुस्तक काढलं. माझंच! म्हणजे तेच, हिरव्या कव्हरचं. ती मंडळाच्या परीक्षेला बसतेय, डिसेंबरमध्ये. पर्यावरणाची इंजिनिअर आहे ती, लॅबमध्ये बाटल्या भरायला नव्हती शिकली. गेल्या वेळी थोडक्यात गेलं तिचं.

मी कपाटातून माझं पुस्तक काढून समोर ठेवलं.

तिने ते उघडलं. पेन्सिलच्या खुणा बघितल्या. मग म्हणाली, "मी रागात म्हणाले होते वाचा."

"मी पण रागातच वाचायला घेतलं."

मग मी पुस्तक धरायचं, प्रश्न विचारायचे, तिने उत्तरं द्यायची. कलम एकवीस आलं. मंडळाचा माणूस नमुना घ्यायला येतो तेव्हा आधी नोटीस देतो, मग प्लांटवाल्याने मागणी केली तर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींना सील, आणि प्रत्येक सीलवर दोघांच्या सह्या. तिने खाडखाड सांगितलं. माझं लक्ष 'दोघांच्या सह्या'वरच राहिलं.

तिसऱ्या का चौथ्या बाटलीला तिने विचारलं, "त्या दिवशी नळाचं पाणी कोणी सोडलं होतं?"

"मीच. चेअरमनना माहीत पण नाही."

"का पण?"

"असंच."

"असंच कोणी टाकी धुतं?"

मी ब्लोअरचा बेल्ट तपासायला गेलो. बेल्ट ठीक होता.

पाचला सगळं पाणी एका कॅनमध्ये मिसळलं. तिने माझ्यापुढे कॅन धरला. "घ्या वास."

ओल्या मातीचा! शप्पथ, ओल्या मातीचा.

८ सप्टेंबर

बीओडीचा, म्हणजे पाण्यात किती घाण उरली त्याचा, रिपोर्ट यायला वेळ लागतो. बाटली तीन दिवस अंधारात ठेवायची असते, सत्तावीस डिग्रीला. माझी पण तीच अवस्था आहे.

१२ सप्टेंबर

आकडे उत्तम. खालती पेनने लिहिलंय, 'छान.' सही नाही. नुसतं छान.

१९ सप्टेंबर

आज डोकं फिरलं होतं. पंप अडकला. उघडून बघतो तर ओले वाइप्स, बादलीभर! ग्रुपवर हजार वेळा सांगितलंय, फ्लशमध्ये टाकू नका. बादली उचलली आणि निघालो सी विंगकडे. सहाव्या मजल्यावरचे आहेत, मला माहीत आहे. दारात ओतणार होतो.

लिफ्टमध्ये नानासाहेब.

"ती घान लिफ्टमदी? आरं तुज्या—" पुढचं लिहीत नाही. रविराज ऐकत होता, दोन बायका ऐकत होत्या. एरवी मी तिथल्या तिथे राजीनामा तोंडावर मारला असता. पण या माणसाने मला दर महिन्याला एक अख्खा दिवस दिलाय. गिळलं. "चुकलं काका" म्हणालो.

ते इतके चकित झाले की शिवी अर्धीच राहिली. "बरं वाटत न्हाई का तुला?"

बादली परत खाली आणली. मग वाइप्सचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, खाली कलम लिहून. चोवीस, गटारात घाण टाकायला बंदी. सहाव्या मजल्यावरच्या काकूंचाच पहिला अंगठा आला!

२ ऑक्टोबर

दसरा. ब्लोअरला झेंडूची माळ, पंपाला माळ. एक फूल उरलं ते पुस्तकात.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरा कंपोझिट.

आता ती मला 'अरे' म्हणते. कधी सुरू झालं, कळलंच नाही. म्हणजे कळलं. साडेदहाला. "अरे, ते झाकण दे."

मी मात्र अजून 'मॅडम'. जीभ वळत नाही.

दुपारी शालनबाई आल्या, नानासाहेबांच्या मंडळी. कोजागिरीचं आटवलेलं दूध सोमवारपासून फ्रीजमध्ये होतं, ते तांब्यात घेऊन. माझ्यासाठी कधी पाणी नाही आणलं! स्वरूपाकडे बघून म्हणाल्या, "आज बी काम व्हय गं पोरी?"

"हो मावशी," ती म्हणाली आणि बाटलीवर तारीख लिहायला लागली. तारीख आधीच लिहिलेली होती.

आज दंडाचा भाग होता. २०२४ च्या दुरुस्तीने पुष्कळ ठिकाणी तुरुंग जाऊन नुसता दंड आला. माझी सटकलीच. "नदीत काहीही सोडायचं आणि पैसे भरून मोकळं? पवनेचा फेस बघितलाय का कायदा लिहिणाऱ्यांनी?" उभा राहून ओरडत होतो, पुस्तक हलवत. तिने गालावर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"झालं? आता प्रश्न ऐक. ही दुरुस्ती सगळ्या राज्यांना आपोआप लागू होते का?"

"होणारच ना!"

"चूक. पाणी हा राज्यांचा विषय. राज्याने ठराव करून ती स्वीकारावी लागते. एक मार्क गेला तुझा, ओरडण्यात."

मग म्हणाली, "तू का नाही बसत परीक्षेला? एवढं वाचतोस तर?"

"पदवी लागते."

"मग?"

हा 'मग' मला कोणी विचारला की मी उठून जातो. बाबांनी विचारला होता, तेव्हा दोन दिवस घरी गेलो नव्हतो. आज कुठे जाणार? बाटलीला अजून अर्धा तास होता. सांगितलं. दुसऱ्या वर्षाला सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, बापाने मशीनवर हात काळे केले ते याच्यासाठी का. मी म्हणालो, बापाचं नाव नाही घ्यायचं. ते म्हणाले, बाहेर हो. मी झालो. दार आपटलं, दाराची काच फुटली. तो कॉलेजमधला शेवटचा आवाज.

मला वाटलं ती समजूत घालेल. ती म्हणाली, "काचेचे पैसे तरी भरलेस का?"

आधी राग आला. मग इतका हसलो की दोन वाजताची बाटली अडीचला भरली. तिने तीही घेतली.

१५ ऑक्टोबर

आकुर्डीला गेलो. कॉलेजच्या गेटपर्यंत. वॉचमन म्हणाला, "कोणाकडे?" "कोणाकडे नाही" म्हणालो आणि वडापाव खाऊन परत आलो.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. ड्युटी होतीच. तिचा मेसेज, 'कलम ३३अ?' मी लिहिलं, 'मंडळ प्लांट बंद करायचा, वीज-पाणी तोडायचा आदेश देऊ शकतं.' तिने लिहिलं, 'बरोबर. दिवाळीच्या शुभेच्छा.'

दिवाळीच्या इतक्या गोड शुभेच्छा मला कोणी दिल्या नाहीत. वीज तोडण्याच्या!

२९ ऑक्टोबर

आज गेटच्या आत. ऑफिसमधल्या बाईंना विचारलं, मधेच सोडलं तर परत घेतात का. त्या म्हणाल्या, विद्यापीठाची परवानगी लागते, अर्ज करा, जूनमध्ये बघू. निघताना म्हणाल्या, "पंख्याने दार आपटतं हो, धरून लावा." धरून लावलं.

आईला सांगितलं नाही. बाबांना सांगितलं. त्यांनी जेवताना स्वतःच्या ताटातला पापड माझ्या ताटात ठेवला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तिसरा. आणि बहुतेक शेवटचा.

परीक्षा ७ डिसेंबरला, रविवारी. म्हणाली, "डिसेंबरचा नमुना मी नाही घेणार बहुतेक. परीक्षा होईपर्यंत मोकळा वेळ सगळा अभ्यासाला. आकुर्डी स्टेशनजवळच्या अभ्यासिकेत बसते."

"आणि पास झाल्यावर?"

"मग पोस्टिंग. चंद्रपूर देतील, कोल्हापूर देतील. कुठेही."

मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "व्हालच पास. नक्की." आणि मनापासून म्हणालो. तिने पास व्हावं असं वाटतं आणि तिने इथून जाऊ नये असंही. दोन्ही एकाच टाकीत. वेगळं करायची पद्धत पुस्तकात नाही.

कॉलेजचं सांगितलं. ती एकदम उभी राहिली, खुर्ची मागे पडली. "आणि हे तू मला आता सांगतोस? तीन बाटल्या झाल्यावर?" मग खुर्ची उचलून परत बसली, पण हसू काही आवरत नव्हतं.

दुपारी तिने पुस्तक स्वतःकडे घेतलं. "आज मी विचारते. कलम पंचवीस. संमतीसाठी अर्ज केला आणि मंडळाने काहीच उत्तर दिलं नाही. हो पण नाही, नाही पण नाही. तर?"

हे मला पाठ आहे. "चार महिने थांबायचं. चार महिने उत्तर आलं नाही तर संमती दिली असंच धरतात."

"चार महिने कधीपासून?"

"अर्ज दिल्यापासून. पूर्ण भरलेला अर्ज. अर्धवट नाही चालत."

"आणि अर्जच केला नसेल तर?"

"तर काही नाही. नुसतं बसून संमती मिळत नसते."

"हं," ती म्हणाली. थोड्या वेळाने परत, "म्हणजे अर्ज करावाच लागतो?"

"करावाच लागतो."

"बरं झालं तुला माहीत आहे," म्हणाली आणि चार वाजायच्या आधीच बाटली भरायला उठली.

एवढा सोपा प्रश्न तिला दोनदा का विचारावा लागला? पाठ कच्चा राहिलाय. या भागावर प्रश्न हमखास येतो. रात्री मेसेज करून पूर्ण कलम पाठवलं. तिचं उत्तर आलं, 'धन्य आहेस.'

१८ नोव्हेंबर

काचेचे पैसे भरून आलो. ऑफिसातल्या बाईंना कुठल्या खात्यात जमा करायचे तेच कळेना. ते सर रिटायर झालेत. जिन्यात उगाच जरा उभा राहिलो.

२६ नोव्हेंबर

प्लांट मस्त चाललाय. गाळ चॉकलेटी. वास मातीचा. आणि दाखवायला कोणी नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी लॅबचा ड्रायव्हर आला. बाटली बुडवली, झाकण लावलं, निघाला.

"अहो थांबा! कंपोझिट आहे आमचं! दर तासाला!"

त्याने कागदाकडे बघितलं. "तुमचं नेहमी ग्रॅबच असतं राव."

नेहमी ग्रॅब? आता कळलं! नानासाहेब! ती नाही म्हटल्यावर लगेच बंद करून टाकलं! एक महिना धीर नाही. चार महिने मी या माणसाच्या शिव्या फुलासारख्या झेलल्या, त्यांच्या शालनबाईंची गिरणीची दळणं उचलली, बुलेट धुतली! मी तडक गेटवर गेलो. खुर्ची रिकामी. रविराज म्हणाला, "मावळात गेलेत, भाचीच्या लग्नाला. परवा येतील. भावा, तुझे कान लाल झालेत."

दार आपटलं. खूप दिवसांनी. अलार्म वाजले.

३ डिसेंबर

बोलायचं ठरवून ठेवलंय. काय काय बोलायचं ते सगळं. नोकरी गेली तर गेली.

४ डिसेंबर, गुरुवार

आठला नानासाहेब खुर्चीत. ठरवलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "काका, कंपोझिट का बंद केलंत?"

"चालू कवा व्हतं?"

"ऑगस्टमध्ये तुम्ही फोन केलात ना तिला?"

"केला की. म्हणलं, आमचा हापरेटर तुला दिसभर बसवून घ्याया बगतोय, त्याचं काय बी ऐकू नगं. हसली. म्हणली, बरं काका." चहाची बशी खाली ठेवली त्यांनी. "मंग गुरवारी याया लागली. म्या म्हणलं, सुट्टीचा दिस तिचा हाय, तिचं ती बगंल. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

गुरुवार. एमआयडीसी बंद. लॅब बंद. ज्या दिवशी माझे बाबा पेपर तोंडावर घेऊन झोपतात, त्या दिवशी ती स्वतःच्या स्कूटीवर बर्फ घेऊन येत होती. ऑगस्टपासून तिला माहीत होतं. आणि मी तिला कलम पाठवलं!

"काका, आज सुट्टी पाहिजे."

"कशाला?"

"गुरुवार आहे."

त्यांनी चहाची बशी परत उचलली. "जा. ब्लोअर रविराज बगंल. आन् दार आपटू नगं."

अभ्यासिका दहाला उघडते. आत बोलू देत नसतील तर बाहेर कट्टा असेलच. आज अर्ज नाही, तिचा पेपर होऊ दे, अर्ज रविवारी. सगळ्या बाबतींत पूर्ण. आज फक्त शेजारी बसायचं, पुस्तक धरायचं, पाच वाजेपर्यंत. आता माझी पाळी.

हिरवं पुस्तक पिशवीत. दिवा बंद. दार लावतोय — हळू, कडी धरून.